गिरणगावात ‘लॉफ्ट’ घेताय? आधी माळ्याचे कागद पाहा

लोअर परळ, करी रोड, लालबाग, भायखळा या पट्ट्यात घर शोधणाऱ्या वाचकांचा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो आहे. जाहिरातीत ‘लॉफ्ट’ लिहिलेले असते. फोटोत सोळा फूट उंचीचे छत, उघड्या विटांची भिंत, लोखंडी जिना आणि वर झोपायची जागा दिसते. दलाल क्षेत्रफळ ९४० चौरस फूट सांगतो आणि आधीच्या मालकाच्या करारात मात्र ६८० निघतात. मग खरे किती? कर्ज कशावर मिळेल? वरचा मजला आपल्या नावावर होतो का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. पालिकेने मंजूर केलेल्या नकाशात जे आहे तेवढेच तुमच्या नावावर होते. नकाशात नसलेला माळा कितीही देखणा असला, त्यावर सागवानी लाकूड असले, तरी कायद्याच्या लेखी तुम्ही त्याचे मालक नसता. तो पाडायची नोटीस आली तर ती मात्र तुमच्याच नावाने येते.

तुम्हाला नेमके काय दाखवले जाते आहे?

गिरणगावात ‘लॉफ्ट’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. तिन्हींचा कायदा वेगळा, कर्ज वेगळे, धोका वेगळा.

१. टॉवरमधला दुप्पट उंचीचा फ्लॅट. गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतींत काही फ्लॅटचा हॉल दोन मजल्यांइतका उंच असतो आणि वरच्या पातळीवर एखादी खोली असते. वरची खोली मंजूर नकाशात दाखवलेली आणि एफएसआयमध्ये (चटई क्षेत्र निर्देशांकात) मोजलेली असेल तर व्यवहार सरळ आहे. इथला मोह वेगळा असतो. ‘हॉलवर स्लॅब टाका, एक बेडरूम फुकट निघेल,’ असे तुम्हाला सांगितले जाईल. ती पोकळी पोकळी म्हणूनच मंजूर झालेली असते. तिथे स्लॅब टाकणे हे विनापरवाना बांधकाम आहे, आणि इमारतीच्या आराखड्यात त्या वजनाचा हिशेब धरलेला नसतो.

२. जुन्या इमारतीतला उंच छताचा फ्लॅट, मालकाने माळा घातलेला. गिरणगावाला माळा नवा नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सातआठ माणसे राहत, तेव्हा रात्रपाळीहून आलेला कामगार दिवसा माळ्यावरच झोपे. त्या गरजेपुढे कुणी नियमाचे पुस्तक उघडले नाही आणि ते योग्यच होते. पण आज त्याच माळ्याला चौरस फुटाचा भाव लावून कोटी रुपये मागितले जातात, तेव्हा पुस्तक उघडावेच लागते. मुंबईच्या विकास नियमावलीत माळा ही सामान ठेवण्याची जागा आहे. त्याची आतली उंची १.५ मीटरपेक्षा जास्त नसावी असे नियम सांगतो. म्हणजे ज्या माळ्यावर मोठे माणूस ताठ उभे राहते, तो नियमाच्या भाषेत माळा नव्हेच. तो मधला मजला झाला, आणि मधला मजला एफएसआयमध्ये मोजावा लागतो.

३. औद्योगिक वसाहतीतला गाळा. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून याबद्दल सविस्तर लिहितो.

गाळा म्हणजे घर नव्हे

गिरण्यांच्या आजूबाजूला छापखाने, इंजिनीअरिंग वर्कशॉप आणि कापडाची छोटी युनिट यांच्यासाठी इंडस्ट्रियल इस्टेट बांधल्या गेल्या. छत उंच, खिडक्या मोठ्या, मालाची लिफ्ट. आता त्यांतले बरेच गाळे स्टुडिओ आणि ऑफिस झाले आहेत. काहींमध्ये न्हाणीघर आणि किचन ओटा घालून ‘रेडी टू मूव्ह लॉफ्ट’ म्हणून विक्री चालते. आसपासच्या फ्लॅटपेक्षा भाव कमी असतो आणि जागा खरोखर सुंदर असते. हरखून जाण्यासारखेच असते सगळे. पण राहायला घेणाऱ्याच्या वाट्याला पुढचे येते :

- गाळ्यावर गृहकर्ज मिळत नाही. व्यावसायिक मालमत्तेवरचे कर्ज घ्यावे लागते. त्याचा व्याजदर जास्त आणि मुदत कमी, म्हणून हप्ता मोठा.
- वीज, पाणी आणि मालमत्ता कर हे सगळे अनिवासी दराने लागते. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून मिळालेली मालमत्ता कराची माफी निवासी घरांसाठीच आहे.
- वापर बदलायचा तर पालिकेची परवानगी लागते. एका गाळ्यापुरती ती मिळवून देतो असे कुणी छातीठोकपणे सांगितले, तर ‘मिळाल्यावर पैसे देतो’ एवढेच उत्तर द्या.
- खालच्या मजल्यावर शाईचे डबे, रसायने, कापडाचे तागे साठवलेले असू शकतात. रात्री इमारतीत पहारेकरी सोडून कुणी नसते, जिन्याचे दार कुलूपबंद असते. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. ती जागा उपाहारगृहांची होती, पण जुन्या औद्योगिक आवारात रात्री माणसे असली आणि सुटकेचा रस्ता नीट नसला तर काय होते, हे त्या रात्री दिसले.

कामासाठी जागा हवी असेल तर गाळा अवश्य घ्या. मुलाबाळांसह राहण्यासाठी घेऊ नका. या बाबतीत मला मधला मार्ग दिसत नाही.

क्षेत्रफळाचा हिशेब स्वतः मांडा

रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्यात, कार्पेट क्षेत्राची व्याख्या दिलेली आहे : बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून उरणारे वापरायचे क्षेत्र, आतल्या भिंतींसह. जाहिरातीतला ‘युजेबल एरिया’ किंवा ‘लॉफ्टसहित एरिया’ यांना कायद्यात जागा नाही.

समजा करारात ६८० चौरस फूट आहेत, माळा २६० चा आहे आणि भाव ४५,००० रुपये फूट सांगितला आहे. ९४० ने गुणले तर ४ कोटी २३ लाख होतात, ६८० ने गुणले तर ३ कोटी ६ लाख. म्हणजे १ कोटी १७ लाख रुपये तुम्ही अशा लाकडी-लोखंडी बांधकामासाठी मोजणार, जे कोणत्याही दस्तात नाही.

आता बँकेच्या बाजूने पाहा. ७५ लाखांपेक्षा मोठ्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर क्षेत्रच धरणार. त्याने ३ कोटी ६ लाख हे मूल्य काढले तर कर्ज जास्तीत जास्त सुमारे २ कोटी २९ लाख. उरलेले १ कोटी ९४ लाख तुमच्या खिशातून जातील, आणि तुम्ही तयारी केलेली असेल ४ कोटी २३ लाखांच्या २५ टक्क्यांची, म्हणजे साधारण १ कोटी ६ लाखांची. मुद्रांक शुल्क या हिशेबात आलेलेच नाही. टोकन देऊन बसलेली कितीतरी कुटुंबे इथेच अडकतात.

इथे विक्रेत्याकडून एक सूचना येते : माळ्याचे पैसे ‘फर्निचर’ म्हणून वेगळ्या कागदावर घ्या किंवा रोख द्या. दोन्हीला नकार द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि व्यवहार मोडला तर ते पैसे दिल्याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

एक गोष्ट आणखी तपासा. ६ जानेवारी २०१२ ला मुंबईच्या नियमावलीत बदल झाला. त्याआधी मंजूर झालेल्या इमारतींत फ्लॉवर बेड, कोनाडे, पोकळ्या अशा जागा एफएसआयबाहेर असत. पुष्कळ ठिकाणी मालकांनी भिंत पाडून त्या खोलीत घेतल्या आहेत. खोलीचा कोपरा विचित्र वाटला, खिडकीखाली लादीचा रंग बदलला, की नकाशाशी ताडून पाहा.

मागायचे कागद, महत्त्वाच्या क्रमाने

‘सगळे पेपर क्लिअर आहेत’ हे वाक्य कागद नव्हे. पुढच्या प्रती हातात घ्या.

- मंजूर नकाशा. तुमच्या मजल्याचा, पालिकेच्या शिक्क्यासह. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर पाहा, मंजूर नकाशा मिळणे हा रेरा कायद्याने दिलेला हक्क आहे. जुनी इमारत असेल तर सोसायटीकडे मागा. तिथे नसेल तर माहितीच्या अधिकारात पालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याकडे अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.
- भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. पूर्ण इमारतीचे आहे की काही मजल्यांचे, हे वाचा. वरळीच्या कॅम्पाकोला आवारात मंजुरीपेक्षा जास्त मजले बांधले गेले. वर्षानुवर्षे तिथे राहिलेल्या, कर भरलेल्या कुटुंबांना २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. कराची पावती, विजेचे बिल, बँकेचे कर्ज यांपैकी कशानेही विनापरवाना मजला अधिकृत होत नाही.
- पहिल्या खरेदीपासूनच्या सगळ्या करारांची साखळी. प्रत्येक करार नोंदवलेला आणि पूर्ण मुद्रांक भरलेला हवा. मधल्या एखाद्या कराराचे शुल्क थकले असेल तर ते पुढे तुमच्या गळ्यात येते.
- मालमत्ता पत्रक आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, तुमच्या वकिलाने काढलेला. विक्रेत्याच्या वकिलाचा चालणार नाही.
- सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र आणि पालिकेची नोटीस नसल्याचे लेखी उत्तर. विनापरवाना बांधकामाला पालिका कायद्याच्या कलम ३५१ खाली किंवा एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याखाली नोटीस निघते. सोसायटीच्या सचिवांना तोंडी विचारून थांबू नका.
- अग्निसुरक्षेचा ‘फॉर्म बी’. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून हा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही मागा.

जमीन कुणाची होती?

इतिहास इथे निर्णयापुरताच सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे मोकळी जागा, म्हाडाची घरे आणि मालक असे साधारण तीन वाटे ठरवले होते. २००१ च्या बदलाने पहिले दोन वाटे फार आक्रसले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कामगारांच्या आणि शहराच्या वाट्याचे असे गेले, याची खंत आहेच.

खरेदीदाराने यातून दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, माहितीपत्रकातली हिरवळ तुमच्या सोसायटीची आहे की पालिकेच्या वाट्याची सार्वजनिक जागा आहे. सार्वजनिक असेल तर ती सर्वांची आहे, आणि तिच्या नावाने तुमच्याकडून जास्त दर घेतला जाता कामा नये. दुसरी, शेजारचे स्वस्त घर गिरणी कामगारांच्या सोडतीतले किंवा पुनर्वसनातले आहे का. अशी घरे ठरावीक वर्षे विकता येत नाहीत. ती मुदत संपण्याआधी मुखत्यारपत्रावर व्यवहार करू पाहणाऱ्यांपासून लांब राहा. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

पागडीच्या खोलीबद्दलही विचारणा होते. पागडीत तुम्ही भाडेकरू होता, मालक होत नाही. पुढे पुनर्विकासात घर मिळेल या आशेवर कुणी घेत असेल तर ते समजून-उमजून घ्यावे, कर्ज काढून घेऊ नये.

सोसायटी की कंडोमिनियम?

हा फरक दलाल सांगत नाहीत, कारण तो त्यांनाही क्वचितच ठाऊक असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत तुम्ही सभासद असता, भाग दाखला मिळतो, आणि बहुतेक सेवांचा खर्च सर्व सदनिकांना सारखा वाटला जातो. हस्तांतरणासाठी सोसायटी २५,००० रुपयांपेक्षा जास्त प्रीमियम घेऊ शकत नाही. ‘देणगी’ मागितली तर पावती कशाच्या नावाने देणार, ते लेखी विचारा.

महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० खालच्या कंडोमिनियममध्ये तुम्ही सदनिकेचे मालक असता आणि जमिनीत व सामाईक भागात तुमचा टक्क्यांत लिहिलेला अविभक्त हिस्सा असतो. देखभालीचा खर्च त्या टक्क्याप्रमाणे येतो. म्हणून घोषणापत्र, ज्याला डीड ऑफ डिक्लरेशन म्हणतात, ते मिळवून आपल्या फ्लॅटसमोरचा टक्का वाचा. मोठ्या फ्लॅटचा हिस्सा मोठा, तसे दरमहा बिलही मोठे. दोन्ही प्रकारांत गेल्या १२ महिन्यांची खरी बिले पाहा. उंच छताचा, काचेच्या भिंतीचा हॉल थंड ठेवायला लागणारी वीज विक्रेत्याच्या मे महिन्याच्या बिलात दिसेल.

परिसर पावसाळ्यात आणि रात्री पाहा

रविवारी सकाळी अकरा वाजता गिरणगाव फार छान दिसते. तुम्ही जुलैत, भरतीच्या वेळी जोराचा पाऊस असताना जा. हिंदमाता आणि परळचा सखल भाग पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे पालिकेने भूमिगत साठवण टाक्या बांधल्या, पण तुमच्या गल्लीत आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी येते का, हे पहारेकरी आणि समोरचा वाणी खरे सांगतील. शनिवारी रात्री बारा वाजताही एक फेरी मारा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पबच्या समोरच्या खिडकीत ती कागदावरच राहते.

दळणवळण हा भावाचा मोठा भाग. ‘मेट्रो-३’ ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली आणि वरळी, महालक्ष्मी भागाला तिचा खरा उपयोग आहे. पुलांच्या बाबतीत मात्र आश्वासनाचे पैसे देऊ नका. लोअर परळचा डिलाईल रोड पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. प्रभादेवी स्थानकाजवळचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला गेला. जागा पाहायला जाल तेव्हा तिथपर्यंत रोजच्या वेळेला, रोजच्या वाहनाने जा.

पैसे देताना

- टोकन थोडेच द्या आणि पावतीवर लिहून घ्या : ‘मंजूर नकाशा, ओसी आणि मालकी हक्क समाधानकारक न आढळल्यास पूर्ण रक्कम परत.’
- बिल्डरकडून बांधकाम चालू असताना घेत असाल तर नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याचा त्याला अधिकार नाही.
- बांधकामाधीन घरावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. ओसी मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर तो लागत नाही.
- मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के आहे. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास १ टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क कमाल ३०,००० रुपये.
- किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी तुमची. विक्रेता परदेशस्थ असेल तर दर बराच जास्त असतो. मुलगा अमेरिकेत, घर त्याच्या नावावर, असे गिरणगावातही आता सर्रास दिसते, म्हणून आधी विचारा.
- पार्किंग कुठले, ते करारात लिहून घ्या. स्टिल्टमधली किंवा उघडी जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे.

फसगत झाली तर

बिल्डरने ताबा लांबवला तर रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे व्याजासह पैसे परत घेता येतात, किंवा घर ठेवून विलंबाचे व्याज मागता येते. बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत कळवला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. महारेरात तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये आहे. पुनर्विक्रीतल्या खाजगी विक्रेत्याविरुद्ध मात्र महारेराचा उपयोग नाही. तिथे दिवाणी न्यायालयाची लांब वाट उरते, म्हणूनच आधीच्या तपासणीवर एवढा भर दिला.

ज्यांनी आधीच घेतले आहे त्यांच्यासाठी

घाबरून जाऊ नका, पण गप्पही बसू नका. परवानाधारक आर्किटेक्टला मंजूर नकाशा दाखवा. एफएसआय शिल्लक असेल आणि नियमात बसत असेल तर प्रीमियम भरून काही बांधकाम नियमित करता येते. बसत नसेल तर माळा सामानापुरता, नियमातल्या उंचीइतका करून घ्या. स्ट्रक्चरल इंजिनीअरने तुळया आणि जोड तपासेपर्यंत मुलांना वर झोपवू नका. आणि कधी ते घर विकायला काढलेत तर घेणाऱ्याला माळा जरूर दाखवा, तो नकाशात नाही हे स्वतःहून सांगा, आणि त्याचे पैसे मागू नका.